हाताच्या पिशव्या की रात्रीची मशीन?

पोटात द्रव भरायचा आणि काही तासांनी काढायचा, असं पोटाचं डायलिसिस घरीच करायचं हे ज्यांचं ठरलंय, त्यासाठी पोटात नळी म्हणजे कॅथेटर बसलाय किंवा बसायचाय, आणि आता डॉक्टर विचारतायत की दिवसा हातानं पिशव्या बदलणार की रात्री झोपेत हेच काम आपोआप करणारी मशीन, म्हणजे सायकलर, लावणार, त्यांच्यासाठी हे लिहितोय. मी दोन्ही करून बघितलंय. 2021 च्या दिवाळीनंतर पिशव्या सुरू केल्या, पुढं पाच महिने मशीन भाड्यानं आणली आणि परत पिशव्यांवर आलो. म्हणजे माझं पारडं कुठं झुकतं ते कळलंच असेल. तरी मशीनला नावं ठेवायला बसलेलो नाही.

हेमो, म्हणजे दवाखान्यात जाऊन मशीनवर रक्त साफ करायचं डायलिसिस, का सोडलं ते थोडक्यात. आठवड्यातून तीनदा निपाणीहून कोल्हापूरला जायचो. 2021 च्या जुलैत वेदगंगेचं पाणी यमगर्णीजवळ हायवेवर आलं, रस्ता बंद झाला आणि माझं त्या दिवसाचं डायलिसिस चुकलं. आडवं झालं की दम लागायचा, म्हणून ती रात्र भिंतीला टेकून बसून काढली. त्यानंतर घरच्या डायलिसिसचा विषय डॉक्टरांकडं मीच काढला.

मशीनचं खरं सुख दिवसाचं आहे. रात्री नऊला जोडायचं, सकाळी सहाला सोडायचं, की दिवस आपला. पोटात दिवसा थोडंच पाणी असायचं, त्यामुळं जुन्या पँटी पुन्हा बसायला लागल्या. द्रव ती स्वतःच गरम करते. जोडणं आणि सोडणं एकेकदाच. शाळेत जाणारं पोर असेल, वर्गावर उभा राहणारा मास्तर असेल, ज्याला दुपारी जागेवरून हलता येत नाही त्यानं मशीनचाच विचार करावा असं मला वाटतं. शिवाय पीईटी टेस्टमध्ये, म्हणजे पोटाचा पडदा किती वेगानं काम करतो ते बघायच्या चाचणीत, तुमचं पोट जलद निघालं, म्हणजे द्रवातली साखर ते भराभर शोषून घेतं आणि मग पाणी ओढलं जात नाही, तर तास न् तास पोटात ठेवायच्या पिशव्या फारशा उपयोगाच्या नाहीत. तिथं आवडीनिवडीला वाव कमीच. माझं पोट मधलं निघालं, म्हणून मला निवडायची चैन मिळाली.

आता अलार्म.

मी लहानपणापासून डाव्या कुशीवर झोपणारा. पाणी बाहेर यायच्या वेळी नळी अंगाखाली दबली, कॅथेटरचं टोक आत कुठंतरी अडलं, किंवा पोट साफ झालेलं नसलं, की ठरलेलं पाणी येत नाही. मग मशीन थांबते आणि ओरडते. तिची चूक नाही, तिचं कामच ते. पण आमचं घर जुनं, माजघरात आम्ही दोघं आणि समोरच्या पलंगावर आई. पहिल्या आवाजाला आई उठून बसायची. "काय झालं रं?" काही नाही, झोप तू. मी उताणा व्हायचो, बटण दाबायचो, पाणी सुरू व्हायचं. डोळा लागला की मी पुन्हा डाव्या कुशीवर, आणि ती पुन्हा ओरडायला मोकळी. रात्रीत दोनदा की चारदा, वहीत मांडून ठेवलं नाही. सकाळी बायकोचे डोळे बघितले की हिशेब कळायचा. स्क्रीनवरचं सगळं इंग्रजीत. बायको मराठी वाचते, बाजारापुरतं कानडी बोलते, पण मशीन काय म्हणते ते वाचायला मलाच उठवावं लागायचं.

एका रात्री जाग आली तर आवाज विहिरीतून आल्यासारखा लांबचा. दिवा लावून बघतो तर आईनं मशीनवर वाकळ टाकलेली, वर उशी ठेवलेली. "जरा दमानं वराड म्हणावं तिला," एवढं बोलून ती भिंतीकडं तोंड करून झोपली. मी हसलो खरा, पण मशीन परत करायचं त्याच रात्री मनात ठरलं.

पिशव्यांचा जाच दुपारचा. माझ्या दिवसाला तीन: सकाळी सहा, दुपारी दीड, रात्री दहा. प्रत्येकीला जोडण्यापासून टोपण लावेपर्यंत पाऊण तास धरा. मी तंबाखूच्या वखारीत दिवाणजी आहे. तिथं पिशवी बदलायचा विचारसुद्धा करायचा नाही, हवेत तपकीर उडत असते. म्हणून जेवणाच्या सुट्टीत घरी. खोलीचं दार बंद, पंखा बंद, हात धुऊन, मास्क लावून जोडायचं आणि पाणी उतरेपर्यंत पेपर वाचायचा. उतरलेली पिशवी त्याच पेपरवर ठेवून खालची अक्षरं दिसतात का बघायची. दिसली तर पाणी निर्मळ. लग्नकार्याला, गावाला जाताना मात्र ही दुपार आडवी येते. दोन लिटर पोटात घेऊन मांडी घालून खतावणी लिहितानाही आडवं येतंच, आणि "दिवाणजी, कितवा महिना?" हा विनोद वखारीत अजून जुना झालेला नाही.

जागेचं म्हणाल तर दोन्हीकडं खोकीच खोकी. माझ्या महिन्याच्या नव्वद पिशव्या, म्हणजे 180 लिटर द्रव. वडील जिथं तंबाखूचे बोद रचायचे तिथं आता ही थप्पी. मशीनला पिशव्या मोठ्या आणि रोज रात्री नळ्यांचा नवा सेट, त्यामुळं माझा तरी महिन्याचा खर्च वाढला होता.

एक गोष्ट लपवत नाही. मला पेरिटोनायटिस, म्हणजे पोटाच्या आतल्या पडद्याचा संसर्ग, एकदाच झाला, आणि तो पिशव्यांवर असताना. उन्हाळा होता, जोडताना पंखा बंद करायला विसरलो. कारण तेच असेल असं छातीठोक सांगता येणार नाही, पण दोन दिवसांनी पाणी ताकाच्या निवळीसारखं गढूळ आलं, पोट दुखायला लागलं, आणि पुढं दोन आठवडे पिशवीतूनच अँटिबायोटिक घेतलं. दिवसात जितक्यांदा जोडाल तितक्यांदा चुकायची संधी. इथं मशीन पुढं आहे.

पावसाळ्यात मात्र ती मागं पडते. आमच्याकडं वारा सुटला की वीज जाते. पिशवीला फक्त एक खुंटी आणि खाली एक पाट लागतो. गरम केलेली पिशवी वाकळीत गुंडाळून ठेवली की बराच वेळ कोमट राहते, आणि जरा गार गेली तर पोटात हुडहुडी भरते, इतकंच. मशीनला मात्र यूपीएस हवाच. तोही बसला की आमच्या घरात ओरडणारी दुसरी वस्तू.

तरीही मशीनच घ्यायची झाली, तर नर्सला टायडलबद्दल पहिल्या आठवड्यातच विचारा. त्यात दर वेळी पोट पुरतं रिकामं न करता थोडं पाणी आत राहू देतात. माझे अलार्म त्यानं निम्म्यावर आले, पाणी संपत आल्यावर आत ओढल्यासारखं दुखायचं तेही थांबलं. मी विचारलं चौथ्या महिन्यात. आणि घरात म्हातारी आई असेल, तर मशीन यायच्या आधी तिचा पलंग दुसऱ्या खोलीत हलवा.