विममध्ये थीम आपोआप बदलत ठेवून निवडणे: काही महिन्यांच्या वापरानंतर

विम या कोड लिहायच्या एडिटरमध्ये एकेका थीमचं, म्हणजे रंगसंगतीचं, नाव टाइप करून बघत बसायची गरज नाही. विमच्याच गेटकम्प्लिशन फंक्शनला 'कलर' प्रकार सांगितला की बसवलेल्या सगळ्या थीमची यादी मिळते. टायमर-स्टार्ट या फंक्शनला 4000 मिलिसेकंद, यादीतली पुढची थीम लावणारं आपलं छोटं फंक्शन आणि रिपीट उणे 1 (म्हणजे थांबवेपर्यंत) दिलं की दर चार सेकंदांनी पुढची थीम लागते. पटली की टायमर-स्टॉप. चार सेकंदांहून कमी वेळ ठेवू नका, आधीच्या रंगांचा ठसा डोळ्यांवरून गेलेला नसतो.

व्हीएस कोड या दुसऱ्या एडिटरमध्ये हेच आयतं आहे: कंट्रोल-के, कंट्रोल-टी, मग बाणाच्या कळा, एस्केप दाबलं की जुनी थीम परत.

विममध्ये खरी गोची वेगळीच. एखादी थीम सुरुवातीला 'हायलाइट क्लिअर' (आधीचे रंग पुसणारी आज्ञा) करत नसेल तर आधीच्या थीमचे काही रंग तसेच राहतात आणि आपण दोघींची खिचडी बघून निर्णय घेतो. शिवाय काही थीम 'बॅकग्राउंड' (पार्श्वभूमी गडद की उजळ हे सांगणारं सेटिंग) स्वतःच 'लाइट' करून ठेवतात, मग पुढची थीमही उजळ रूपात येते. म्हणून प्रत्येक फेरीत आधी 'बॅकग्राउंड' हवं ते करा, 'हायलाइट क्लिअर' चालवा आणि मगच थीम लावा. टर्मिनलमध्ये विमचं 'टर्म-गुई-कलर्स' हे सेटिंग चालू नसेल तर थीमचे 24 बिटी रंग वापरलेच जात नाहीत, तेव्हा ते आधी तपासा.

समोर फाइल मात्र रोजच्या कामाचीच हवी. शोधलेला शब्द, निवडलेल्या ओळी, डिफमधला (दोन फाइलींच्या तुलनेतला) बदल या तीन जागी सुंदर थीमही नापास होतात. कोडमधल्या कमेंट (टिपा) मराठीत असतील तर इटॅलिकवाली थीम नीट पारखा. बहुतेक देवनागरी फाँटना इटॅलिक नसतं. अक्षरं नुसती तिरकी ढकलली जातात, आणि लहान आकारात वेलांटी-रफार वाचताना त्रास होतो.

उजेडाचंही बघायला हवं. पणजीत पश्चिमेच्या खिडकीशी दुपारी किंवा बाल्कांवात (घरापुढच्या उघड्या ओट्यावर) बसून काम करणाऱ्याला काळ्या थीमवर कोडपेक्षा स्वतःचा चेहराच जास्त दिसतो. पावसाळ्यात वीज गेली, लॅपटॉपने बॅटरीवर प्रकाश उतरवला, की फिक्या राखाडी कमेंट गायब. त्यामुळे शेवटच्या तीन-चार थीम दुपारी आणि रात्री, दोन्ही वेळा फिरवून बघाच.

एवढं करून फक्त कमेंटचाच रंग खटकत असेल तर थीम टाकून देऊ नका. थीम लागली की घडणाऱ्या 'कलरस्कीम' इव्हेंटच्या ऑटोकमांडमध्ये (आपोआप चालणाऱ्या आज्ञेत) तो एकच रंग बदला. थीम कितीही वेळा बदलली तरी तो टिकतो.