जुन्या 407 साठी घेतलेली वॉशर टाकी : सात महिन्यांच्या वापरानंतर

आमची टाटा 407 ही 2008 सालची गाडी आहे आणि ती आम्ही आधीच्या मालकाकडून 2016 मध्ये घेतली. नारायणगावच्या बाजारातून टोमॅटो भरायचा, आळेफाटा आणि ओतूर मागे टाकून माळशेज घाट उतरायचा आणि मुरबाड, कल्याण करत उजाडण्यापूर्वी वाशीच्या बाजार समितीत माल पोहोचवायचा, असा तिचा ठरलेला फेरा असतो. धाकटा भाऊ आणि मी ती आळीपाळीने चालवतो. गेल्या मे महिन्यात समोरच्या काचेवर पाणी मारणारी तिची वॉशर टाकी बदलावी लागली. त्या वेळी घेतलेला टाकी, मोटर, रबर आणि पाईप असा संच आता एक पावसाळा आणि अर्धा हिवाळा पार करून चालू आहे, म्हणून त्याविषयी सविस्तर लिहीत आहे.

जुन्या मालवाहू गाड्यांमध्ये ही टाकी बहुधा कोरडीच असते. वायपर फिरतो आहे, तेवढे पुरे, असे समजून चालक पाण्याच्या बाटलीने काच धुतात आणि पुढे निघतात. धो धो पाऊस पडत असताना त्याने काही बिघडतही नाही. खरी अडचण पाऊस ओसरल्यावर येते. माळशेजमध्ये धुके आणि भुरभुर असताना पुढच्या गाडीच्या चाकांतून उडणारा चिखल व त्यात मिसळलेले तेल यांचा बारीक थर काचेवर बसतो, आणि अशा वेळी कोरडा वायपर फिरवला की तो थर निघण्याऐवजी काचभर सारवला जातो. समोरून येणाऱ्या गाडीचा दिवा त्या थरावर पडला की रस्त्याची कडा दिसेनाशी होते. दुसरा प्रसंग परतीच्या वाटेवरचा आहे. माल उतरवून आम्ही सकाळी कल्याणहून मुरबाडकडे निघतो तेव्हा तोंड पूर्वेला असते, ऊन थेट डोळ्यांवर येते आणि रात्रीची धूळ व किडे बसलेली काच पांढरीफटक होऊन जाते. चालत्या गाडीत ती दोन फवाऱ्यांत स्वच्छ करता येणे ही माझ्या मते ब्रेकच्या दिव्याइतकीच गरजेची गोष्ट आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम, 1989 मधील नियम 101 वायपरची सक्ती करतो आणि 8 वर्षांपेक्षा जुन्या मालवाहू गाडीला दरवर्षी पासिंगला, म्हणजे आरटीओच्या तपासणीला, न्यावे लागते, त्यामुळे वायपरकडे निदान वर्षातून एकदा तरी लक्ष जाते. टाकीकडे मात्र जात नाही.

आमची जुनी टाकी पिवळी पडून ठिसूळ झाली होती. या टाक्या पॉलिथिनसारख्या प्लास्टिकच्या असतात. वर्षानुवर्षे उष्णता आणि हादरे सोसल्यावर त्यांची लवचिकता जाते आणि मग जिथे टाकी तिला धरून ठेवणाऱ्या ब्रॅकेटला टेकते त्या कोपऱ्यात तडा जातो. आमच्या टाकीलाही तिथेच, बोटभर लांबीचा तडा गेला होता. मळून लावायच्या सीलंटने तो दोनदा बुजवून पाहिला. दोन्ही वेळा आठवड्याच्या आत तो लेप पापुद्र्यासारखा सुटून आला. त्यात सीलंटचा दोष नव्हता. पॉलिथिनचा पृष्ठभाग असा असतो की त्याला बहुतेक चिकट पदार्थ धरून राहतच नाहीत. तापलेल्या सोल्डरिंग लोखंडाने तडा वितळवून जोडता येतो, पण प्लास्टिक ठिसूळ झालेले असेल तर त्या जोडाच्या शेजारीच नवा तडा जातो. हे लक्षात आल्यावर टाकी बदलायचे ठरवले.

टाकी बदलण्यापूर्वी एक तपासणी अवश्य करावी, म्हणजे पैसे वाया जात नाहीत. बटण दाबल्यावर मोटरचा आवाज येत असेल आणि पाणी येत नसेल, तर दोष पाईप, गाळणी किंवा नोझल (काचेवर पाणी फवारणारे तोंड) यांत असतो. आवाजच येत नसेल तर आधी फ्यूज पाहावा, मग मोटरला बॅटरीवरून थेट करंट देऊन ती फिरते का ते पाहावे. आमची मोटर थेट करंटवर फिरत होती, पण घरघरत होती. टाकी गळून कोरडी झाल्यावरही आम्ही बटण दाबत राहिलो होतो. या मोटरी पाण्याविना फिरल्या की त्यांचे आतले सील तापून झिजते, म्हणून टाकीबरोबर मोटरही नवीन घ्यायचे ठरवले.

खरेदी पुण्याच्या नाना पेठेतील सुट्या भागांच्या एका छोट्या दुकानातून केली. जुनी टाकी सोबत नेली होती. दुकानदारांनी ती हातात घेण्याआधीच विचारले, "दादा, गाडी बाराची की चोवीसची?" या एका प्रश्नामुळे त्या दुकानाविषयी माझ्या मनात आदर निर्माण झाला. 407 ची वीजव्यवस्था 12 व्होल्टची आहे, तर मोठ्या ट्रकांची 24 व्होल्टची असते, आणि दोन्हींच्या वॉशर मोटरी बाहेरून अगदी सारख्या दिसतात. चोवीसची मोटर बाराच्या गाडीत घातली तर धार बॉनेटच्या कडेपलीकडे जात नाही. बाराची मोटर चोवीसच्या गाडीत घातली तर ती लवकरच जळते. मोटरच्या अंगावर हा आकडा बारीक अक्षरांत उठवलेला असतो आणि दुकानदारांनी तो मला विजेरीच्या उजेडात दाखवला. अधिकृत सुट्या भागाची चौकशी आधीच केली होती. त्याच्या किमतीच्या निम्म्याहून कमी पैशांत, म्हणजे 420 रुपयांत, हा दुसऱ्या उत्पादकाचा संच मिळाला. संचात टाकी, झाकण, मोटर, मोटर बसवायचे रबर आणि मीटरभर पाईप होता. टाकीवर 2 लिटर असे छापले आहे. मी मोजून भरले तेव्हा गळ्यापर्यंत 1.8 लिटर पाणी मावले.

टाकीचे प्लास्टिक चांगल्या जाडीचे आहे, बोटाने दाबले तर दबते आणि लगेच पूर्ववत होते. ती अर्धपारदर्शक असल्याने पाण्याची पातळी झाकण न उघडता दिसते. ब्रॅकेटची भोके मात्र जुळली नाहीत. आधीच्या मालकाने मूळ ब्रॅकेट काढून स्वतःचे बसवले होते, त्यामुळे याचा दोष मी संचाला देत नाही. एक भोक लांबट करून आणि टाकीच्या पाठीमागे जुन्या ट्यूबचा तुकडा घालून ती बसवली. रबराचा तो तुकडा सर्वांनी घालावा, कारण टाकी पत्र्याला थेट घासत राहिली तर नव्या टाकीलाही पुढेमागे तिथेच तडा जाईल.

या संचातील उणीव मोटर जिथे टाकीत शिरते तिथे सापडली. टाकीच्या तळाशी एक गोल भोक असते, त्यात रबराची जाड चकती बसते आणि त्या चकतीत मोटरचे तोंड दाबून घालायचे असते. सगळे पाणी अडवण्याचे काम ही चकती एकटीच करते. संचातले रबर कडक होते. ते साबणाच्या पाण्यात बुडवून, अंगठ्याने फिरवत कडेकडेने आत ढकलले आणि मोटर बसवली. तेल किंवा ग्रीस इथे वापरू नये, कारण त्याने असे रबर फुगते. टाकी भरून तिच्याखाली रात्रभर वर्तमानपत्र अंथरून ठेवले. सकाळी कागद भिजून लगदा झाला होता आणि टाकी अर्धी रिकामी झाली होती.

मोटर पुन्हा बाहेर काढून भोकाच्या कडेवरून करंगळी फिरवली तेव्हा कारण समजले. टाकी साच्यातून काढताना दोन अर्धुकांच्या सांध्यावर प्लास्टिकची केसाएवढी धार राहिली होती. ती डोळ्यांना दिसत नव्हती, पण बोटाला टोचत होती, आणि तिच्यामुळे रबराचा ओठ त्या एका ठिकाणी उचलला जाऊन तिथून थेंब पाझरत होता. नव्या पात्याने ती धार तासली, त्यावर बारीक पॉलिशपेपर फिरवला, आणि टाकी दोनदा विसळून आतला भुसा बाहेर काढला, कारण तोच भुसा पुढे गाळणीत अडकला असता. संचातले रबर बाजूला ठेवून 30 रुपयांचे मऊ रबर वेगळे आणले. त्यानंतर अंथरलेला कागद दुसऱ्या दिवशी सकाळी कोरडा होता. उत्पादकाला साच्याची धार तासून काढायला आणि चांगले रबर द्यायला फारसा खर्च आला नसता. इतकी दणकट टाकी तयार करून तिच्या एकमेव नाजूक जागेकडे दुर्लक्ष करावे, याचे मला मनापासून वाईट वाटले, कारण ज्याला हे कारण सापडणार नाही तो टाकीच फेकून देईल.

वायरिंगचे काम अर्ध्या तासाचे होते. नव्या मोटरचा प्लग जुन्या सॉकेटमध्ये बसत नसल्याने वायर कापून जोड द्यावा लागला. पहिल्या वेळी बटण दाबले तेव्हा मोटरचा आवाज व्यवस्थित आला, पण धार जेमतेम काचेच्या खालच्या कडेला लागली. दोन वायर उलटसुलट जोडल्या गेल्या होत्या. ही मोटर उलट दिशेनेही फिरते, मात्र तिच्या आतला पंखा एकाच दिशेने पाणी नीट ढकलू शकतो. वायरींची अदलाबदल केल्याबरोबर दोन्ही नोझलमधून जोरकस धारा आल्या. अशा वेळी मोटर कमजोर निघाली असे समजून कोणी ती परत करायला जाऊ नये. जोडावर टेप गुंडाळण्याआधी उष्णतेने आकसून वायरीला घट्ट बसणारी नळी घातली, कारण त्या जागी पावसाचे पाणी पोहोचते.

नोझलच्या भोकात क्षार साठलेले होते. ते बारीक टाचणीने मोकळे केले. धार कुठे पडावी हे उभ्या गाडीत ठरवताना थोडा अंदाज ठेवावा लागतो. गाडी वेगात असताना वारा धारेला खाली दाबतो, म्हणून ती वायपरच्या फेऱ्याच्या मध्यापेक्षा वितभर वर पडेल अशी ठेवली.

टाकीत काय भरायचे याबद्दल माझे मत ठाम आहे. आमच्याकडे बोअरचे पाणी जड आहे आणि तेच भरत राहिल्याने नोझल बुजले होते. आता फिल्टरचे पाणी भरतो आणि त्यात काच धुण्याचे तयार द्रावण बाटलीवर दिलेल्या प्रमाणात मिसळतो. कपड्यांची पावडर किंवा केसांचा शाम्पू घातल्यास फेस होतो आणि वाळल्यावर काचेवर पांढरे ओघळ राहतात. रेडिएटरचा कूलंट तर कोणीही घालू नये. तो काचेवर तेलकट पसरतो, त्यातून दिवे फुटल्यासारखे दिसतात, आणि तो विषारी असतो.

मे ते डिसेंबर या काळात गाडीने माळशेजचे शंभराहून अधिक फेरे केले. टाकीला तडा गेलेला नाही, रंग थोडासा मंद झाला आहे. मोटरचा आवाज पहिल्या दिवशीसारखाच आहे. आम्ही एका वेळी पाच-सहा सेकंदांपेक्षा जास्त बटण दाबत नाही. झाकणाचा पट्टा ऑगस्टमध्ये तुटला, त्यामुळे झाकण आता दोरीने बांधून ठेवले आहे. संचातला पाईप पातळ होता आणि वळणावर मुडपला जात होता, म्हणून तोही महिन्याभरात बदलला. रबर आणि पाईप धरून एकूण खर्च 500 रुपयांच्या आत राहिला.

ज्यांना पाते आणि पॉलिशपेपर हातात घेऊन अर्धा दिवस देता येईल त्यांनी हा संच घ्यावा, मात्र रबर पहिल्याच दिवशी वेगळे आणावे आणि पाण्याने भरलेली टाकी रात्रभर कागदावर ठेवल्याशिवाय गाडीत बसवू नये. ज्यांना काम गॅरेजमध्ये करून घ्यायचे आहे त्यांना मी अधिकृत टाकीच सुचवीन, कारण गळती निघाल्यास मजुरी दुसऱ्यांदा द्यावी लागेल आणि किमतीत वाचलेले पैसे तिथेच संपतील. 24 व्होल्टच्या गाडीवाल्यांनी दुकानातच मोटरच्या अंगावरचा आकडा उजेडात धरून स्वतः वाचून घ्यावा.