टिपऱ्यांचे आबा परत आमच्या हॉलमध्ये

'श्रीयुत गंगाधर टिपरे' ही सिरीयल पहिल्यापासून परत बघून संपवली, ओटीटीवर. मोबाईलवर नाही, टीव्हीवर, घरातल्या सगळ्यांसोबत, रोज जेवणं आटपली की. बघावी की नको असं कोणी विचारलं तर बघाच, पण मला नुसतं तेवढं सांगायचं नाही, मला यात आबा झालेल्या दिलीप प्रभावळकरांबद्दल बोलायचंय.

झालं असं की 2025 च्या सप्टेंबरात, गणपतीची चवथ नुकतीच झालेली, प्रभावळकरांचा 'दशावतार' पिक्चर लागला तेव्हा बाबांना घेऊन पणजीला गेलेलो. बाबा मूळचे पेडण्याचे, त्यामुळे दशावतारी काला, म्हणजे देवळाच्या जत्रेतलं रात्रभर चालणारं लोकनाट्य, त्यांच्या अगदी जवळचा विषय, जत्रेला मांडवात पहाटेपर्यंत बसून बघितलेला, त्यातला संकासुर राक्षस आला की लहानपणी कसं घाबरायचो आणि हसायचो पण, हे आम्ही शंभरदा ऐकलंय. तर पिक्चर सुटल्यावर गाडीत बसेपर्यंत बाबा गप्प. माझी मुलगी नववीत आहे, तिने मागच्या सीटवरून विचारलं, आजोबा, तात्या विंचू म्हणजे हेच ना? बाबा म्हणाले हो बाय, हाच तो, आणि 81 वर्षांचा आहे. मग पणजी ते डिचोली हाच एक विषय. पोरीला माहीत काय, तर 'झपाटलेला'मधला तात्या विंचू आणि 'लगे रहो मुन्नाभाई'मधले गांधीजी, बस. त्याच रात्री टिपरेचा पहिला एपिसोड लावला.

आता ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, ही 2001 मध्ये सुरू झालेली सिरीयल, तेव्हा आताच्या झी मराठी चॅनलचं नाव अल्फा मराठी होतं, दिग्दर्शन केदार शिंदेंचं. मध्यमवर्गीय घर, आजोबा म्हणजे आबा, मुलगा शेखर, सून श्यामला, नातवंडं शिऱ्या आणि शलाका. एवढंच. कोणी कोणाला विष देत नाही, कोणाचं दोनदा लग्न होत नाही. मूळ लिखाण प्रभावळकरांचंच, 'अनुदिनी' म्हणून पेपरात त्यांचं सदर यायचं, घरातल्या माणसांच्या डायऱ्या, त्यावरून ही सिरीयल झाली आणि म्हणूनच यात सगळे डायरी लिहितात. एकच प्रसंग आबा वेगळा लिहितात, शिऱ्या वेगळा लिहितो, आणि दोघंही आपापल्या जागी बरोबर असतात. हे ज्याला सुचलं त्याला माणसं आतून कळतात.

पण माझं म्हणणं पुढचं आहे. टिपरे नीट कळायची असेल तर हा माणूस आधी काय काय करून आलाय ते बघायला हवं. रत्नाकर मतकरींच्या 'अलबत्या गलबत्या' या बालनाट्यात चिंची चेटकीण, म्हणजे सुरुवातीलाच बाईचं सोंग आणि तेही पोरांसमोर. पोरं फसत नाहीत, आवडलं नाही की लगेच चुळबुळ. मग दूरदर्शनवर चिमणराव, सोबत गुंड्याभाऊ म्हणजे बाळ कर्वे, चिं. वि. जोशींची पात्रं अशी अंगात भिनवली की आईसारख्या कितीतरी लोकांसाठी चिमणराव हेच त्यांचं नाव होऊन बसलं. 1991 साली 'चौकट राजा' पिक्चरात गतिमंद नंदू, तो बघून आजी पदराने डोळे पुसत बसलेली. आणि 'हसवाफसवी'! लेखन स्वतःचं, एकाच नाटकात सहा माणसं, त्यात बाई पण, दर वेळी वेगळा आवाज, वेगळी चाल, वेगळी बसायची ढब.

बाबांनी 'हसवाफसवी' पणजीत कला अकादमीत बघितलेलं, पाहुण्या कंपनीचा प्रयोग, हाऊसफुल्ल. त्यातले कृष्णराव हेरंबकर, म्हणजे संगीत नाटकातले थकलेले जुने नट. बाबा सांगतात, आधीच्या पात्रांना लोक खुर्चीवरून पडायच्या बेताने हसत होते, आणि हेरंबकर आले तेव्हा पण हसले, आणि मग हळूहळू हसू बारीक होत गेलं. का ते आम्हा गोव्याच्या माणसांना वेगळं सांगायला नको. अकादमीच्या त्या थिएटरचं नावच दीनानाथ मंगेशकर कलामंदिर, आणि दीनानाथ म्हणजे गोव्याचेच, संगीत नाटकातले गायक नट. देवळाच्या उत्सवी नाटकात पदं म्हणणारे म्हातारे प्रत्येक वाड्यावर होते, आमच्या शेजारी पण एक होते, आवाज पार गेलेला पण पद सुरू करायच्या आधी खांद्यावरचा टॉवेल शेल्यासारखा नीट करून घ्यायचे. बाबांना स्टेजवर तेच दिसले. नकलेत माणसाचं हसं होतं, इथे तसं झालं नाही, हे बाबांचं वाक्य, मी फक्त टाईप करतेय.

आता टिपरे. सहा सहा सोंगं घेणारा माणूस टीव्हीवर येतो आणि काय करतो, तर एक चष्मा, पिकलेले केस, आणि घरातल्या खुर्चीत बसतो. तेव्हा त्यांचं वय 57! आपल्याकडे म्हातारा करायचा म्हटलं की हात थरथरवायचे, खोकायचं, घोगरा आवाज काढायचा. आबा यातलं काही करत नाहीत. मी मुद्दाम पॉज करून, मागे नेऊन परत परत बघितलं. म्हातारपण सगळं ऐकण्यात आहे. समोरचा बोलला की पाव सेकंद उशिरा चेहऱ्यावर पोचतं, मग डोळे हसतात, मग तोंड. नातू काही लबाडी करून आला की आबांना आधीच कळलेलं असतं आणि ते कळलंय हे त्यांना लपवायचं पण असतं, हे सगळं एक शब्द न बोलता, कॅमेरा जवळ आहे म्हणून. स्टेजवर शेवटच्या रांगेपर्यंत पोचवायची सवय लागलेल्या नटाला एवढं आवरून धरणं किती कठीण असेल. मला तर सहा भूमिकांपेक्षा हे मोठं वाटतं. बाबांना पटत नाही, ते अजून हेरंबकरांपाशीच आहेत.

कमी काय आहे ते पण सांगते. चित्र जुन्या व्हिडिओचं, मोठ्या टीव्हीवर फुसकट दिसतं, दोन्ही बाजूला काळे पट्टे. आवाज काही भागांत इतका बारीक की बाबांसाठी सबटायटल हवीत असं वाटलं, ज्या ॲपवर बघतोय तिथे ती नाहीत, आणि मध्येच येणारी ॲड मात्र दुप्पट मोठ्याने, एकदा तर बाबा दचकून उठले. मधले काही एपिसोड ताणल्यासारखे वाटतात, एक छोटासा गैरसमज धरून पूर्ण भाग. आणि श्यामलावहिनींचं किचन काही सुटत नाही, शुभांगी गोखले इतक्या छान करतात म्हणून आपण ते विसरतो, पण माझ्या मुलीने तिसऱ्याच दिवशी विचारलं की ही कधी बसून जेवते? बरोबर विचारलं तिने.

बघायची कशी, तर एका बैठकीत दहा एपिसोड अशी बघू नका, अजिबात नको. रोज एक, फार तर दोन. पहिले तीन-चार भाग हळू वाटतील, पोरं मोबाईल काढतील, काढू देत. आमच्याकडे पाचव्या दिवशी मुलगी स्वतः येऊन म्हणाली, टिपरे लावूया. घरात आजी-आजोबा असतील तर त्यांच्यासोबतच बघा, एकट्याने बघण्यात ती मजा नाही.

संपली तेव्हा मुलीने जुन्या वहीची कोरी पानं फाडून, शिवून एक डायरी केली आणि आजोबांना दिली. बाबांनी त्यात पहिलं पान कला अकादमीतल्या त्या रात्रीवर लिहायला घेतलंय, चार ओळी झाल्यात, हेरंबकर अजून यायचे आहेत.