‘1957 ची स्पीडस्टर’: आठ महिने चालवल्यावर उलगडलेलं तिचं कूळ

गाडी देणाऱ्या काकांनी सांगितलं होतं, ‘सत्तावन्नची स्पीडस्टर, प्रतिकृती आहे पण हात चांगला लागलाय.’ कागदावर मात्र फोक्सवॅगन, 1968. यात फसवाफसवी नव्हती. पोर्शे 356 स्पीडस्टरच्या बहुतेक प्रतिकृती फोक्सवॅगन बीटलच्या चॅसीवरच, म्हणजे खालच्या सांगाड्यावरच उभ्या आहेत आणि नोंदणी अनेकदा त्या चॅसीच्याच सालाने होते. त्यामुळे कागदावरचं 1968 मी खरं धरलं आणि सगळे पार्ट त्याच सालाचे मागवत राहिलो. माझी चूक झाली ती इथेच.

पहिले दोन महिने मजेत गेले. गाडी हलकी आहे, मागचं इंजिन कानाशीच गुरगुरतं आणि काच इतकी बुटकी की वारा थेट कपाळावर. तिसऱ्या महिन्यात क्लचची केबल पेडलच्या हुकापाशी तुटली. 1968 च्या बीटलची नवी केबल आणली, आत सरकवली, तर मागे हातभर शिल्लक! सुमारे 30 सेंटिमीटर जास्त. बीटलच्या पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर 2400 मिमी आणि अस्सल 356 चं 2100 मिमी हे तेव्हा आठवलं. म्हणजे चॅसी मधून कापून आखूड केलेली, आणि चॅसीच्या मधोमध असलेल्या पोकळ बोगद्यातून जाणारं सगळंच, क्लचची केबल, अ‍ॅक्सिलरेटरची केबल, गिअरचा दांडा, त्या मापाने बदललेलं. गिअर टाकताना दांडा का लुळा लागायचा तेही उमगलं. त्यालाही मध्ये जोड होता.

मग गालिचा उचलला. सीटच्या खाली फरशीच्या पत्र्यावर आडवी वेल्डिंगची रेघ. पत्र्याला कारखान्यात दाबून काढलेल्या उभ्या पन्हळी असतात, त्या रेघेच्या अलीकडे एक अंगठाभर डावीकडे आणि पलीकडे उजवीकडे. एकच फरशी कापून जोडली असती तर पन्हळी एका ओळीत आल्या असत्या, ही शंका तिथेच मनात बसली. दोन्ही बाजूंनी चाकाच्या मध्यापासून मध्यापर्यंत टेप लावला: डावीकडे 2103, उजवीकडे 2096. सात मिलिमीटरचा फरक. पक्क्या साच्यात बांधून केलेल्या कामात इतका फरक राहत नाही, तेव्हा हे घरच्या गॅरेजमधलं काम.

चॅसी नंबर मागच्या सीटच्या जागेखाली, बोगद्याच्या पाठीवर ठोकलेला असतो. स्पीडस्टरला मागची सीट नाही, त्यामुळे तो गालिचा आणि डांबरी लेपाखाली गाडला गेला होता. लेप हळूहळू खरवडला, थिनरच्या फडक्याने पुसला आणि आकड्यांवर खडू घासला. सुरुवात 118. ऑगस्ट 1964 पासूनच्या पद्धतीत पहिले दोन आकडे मॉडेलचे (11 म्हणजे साधी बीटल सेदान) आणि तिसरा मॉडेलसालाचा शेवटचा आकडा. म्हणजे 1968, कागदाशी जुळणारं. आकड्यांभोवती घासल्याच्या किंवा पुन्हा ठोकल्याच्या खुणा नव्हत्या. तुम्ही अशी गाडी बघायला गेलात तर सगळ्यात आधी हे करा. बॉडी कितीही देखणी असो, नंबर कागदाशी जुळत नसेल तर तिथूनच परत फिरा.

तरीही स्टीअरिंग जड लागत होतं, विशेषतः वळण सोडताना. गाडी जॅकवर घेतली आणि पुढच्या चाकामागे टॉर्च मारला, तर चाक वळवणारा गोल सांधा, म्हणजे बॉल जॉइंट नाहीच. त्याजागी जुन्या पद्धतीच्या पिना, किंगपिन आणि लिंकपिन, त्यांत ग्रीस भरायचे निपल मातीने बुजलेले. बीटलला पुढे बॉल जॉइंट आले 1966 च्या मॉडेलपासून. पुढची चाकं धरणारा बीम दोन आडव्या नळ्यांचा असतो; जुन्या आणि नव्या बीमच्या नळ्यांमधलं अंतर वेगळं असतं, त्यामुळे जुना बीम 1968 च्या चॅसीच्या तोंडाला सरळ बसतच नाही. न जुळणाऱ्या पन्हळींचा उलगडा इथे झाला. माझ्या गाडीचा पुढचा अर्धा भाग एका बीटलचा, मागचा नंबर असलेला अर्धा दुसऱ्या बीटलचा. त्या दिवशी मी गाडीशेजारी जमिनीवर बराच वेळ बसून होतो. राग नव्हता, काळजी होती. या जोडावर माझ्या घरची माणसं बसत होती.

जोड वेल्डरला दाखवला. बोगद्याच्या उजव्या कोपऱ्यात केसाएवढी चीर निघाली. जुनं वेल्डिंग घासून नव्याने भरलं, दोन्ही बाजूंना पट्ट्या चढवल्या. निपल साफ करून ग्रीस भरल्यावर स्टीअरिंगमध्ये जो फरक पडला तो पहिल्याच वळणावर हाताला कळला. इतके महिने कागदावरच्या सालावर विसंबून मी त्या पिनांना कोरडं चालवलं, याचं वाईट वाटतं.

इंजिनचं कोडं त्यामानाने लवकर सुटलं. नंबर जनरेटरच्या स्टँडखाली क्रँककेसवर असतो. माझ्या इंजिनावर AS अक्षरं आहेत, ती 1584 सीसीच्या, सत्तरच्या दशकातल्या इंजिनाची. मागे स्विंग अ‍ॅक्सल, म्हणजे आतल्या टोकाशी दुमडणारा आस, 1968 ला साजेसा. चाकांना पाच बोल्ट 205 मिमीच्या वर्तुळावर, पण तेवढ्यावर साल ठरवू नका. 356 लाही तेच माप होतं, त्यामुळे दिसायला खरं वाटावं म्हणून जोडणारे मुद्दाम तेच ड्रम लावतात.

राहिली बॉडी. बाहेरच्या वळणांवरून ती कुणाची ते ओळखायचा नाद मी सोडून दिला, कारण फायबरच्या बॉडीवरून दुसरा साचा काढणं सोपं आहे आणि तसं सर्रास झालेलं आहे. बॉडीखालची रचना मात्र बोलते. प्रतिकृती बनवणाऱ्यांपैकी इंटरमेकॅनिकाने नंतरच्या काळात स्वतःची नळ्यांची चॅसी वापरली, ब्राझीलच्या शामोनीचंही तसंच. इंग्लंडच्या चेसिलने आखूड केलेली बीटलची चॅसी घेतली. माझ्याकडे बीटलची चॅसी, वर चौकोनी नळीची चौकट, आणि दाराच्या आतल्या पॅनेलवर पेन्सिलने लिहिलेलं ‘डावं’, तेही दोनदा गिरवलेलं. सुटे भाग आणून कुणीतरी घरी जोडलेली गाडी. पुढच्या आडव्या पॅनेलवर चार रिव्हेटची भोकं आणि मधे न उडालेल्या रंगाचा चौकोन आहे, म्हणजे हे सुटे भाग (किट) बनवणाऱ्याच्या नावाची पट्टी कधीतरी काढून टाकलेली.

जोडणीचं साल काढायला एक साधी युक्ती उपयोगी पडली: कधीही न बदललेल्या भागांतला सगळ्यात नवा भाग शोधायचा. वीडीओ कंपनीच्या मीटरच्या पाठीवर 11/84 शिक्का आहे, सीटबेल्टच्या लेबलवर 1985. स्क्रूंवर दुसऱ्यांदा पाना लागल्याची खूण नाही. तेव्हा गाडी 1985 च्या आधी उभी राहिलेली नाही. सत्तावन्नचं तिच्यात फक्त रूप आहे, आणि ते रूप मला अजूनही तितकंच आवडतं.

चालवण्याबद्दल. मोकळ्या रस्त्यावर हिच्यासारखं सुख नाही. पण वळणात अ‍ॅक्सिलरेटर एकदम सोडू नका. स्विंग अ‍ॅक्सलमुळे मागचं बाहेरचं चाक आत दुमडतं आणि शेपूट निसटते. मी वेग वळणाआधी कमी करायला शिकलो. पावसात बाजूच्या पडद्यांतून पाणी येतं. थंडीत हीटर नाही, कारण बीटलची गरम हवा बॉडीच्या उंबरठ्यातल्या पोकळ्यांतून यायची आणि त्या जुन्या बॉडीबरोबरच गेल्या.

विकायची का, असं मित्र विचारतात. नाही. आता पुढचे पार्ट 1965 पर्यंतचे मागवतो, मागचे 1968 चे, इंजिनचे AS चे. डॅशबोर्डच्या कप्प्यात एक वही आहे, त्यात प्रत्येक भागाचं साल आणि माप लिहिलंय. तिच्यासोबत क्लचची एक जादा केबल गुंडाळून ठेवली आहे, या गाडीच्या मापाने कापलेली.