पंप-लीक मॉडेल: सहा महिने वापरल्यावर

प्राण्यांच्या पेशीला झाडाच्या पेशीसारखी भिंत नसते. आत प्रथिनं कोंडलेली, बाहेर खारं पाणी, तरी ती फुगून फुटत कशी नाही? टॉस्टेसन आणि हॉफमन यांनी १९६० साली मेंढ्यांच्या तांबड्या पेशींवर काम करून याचं गणित मांडलं. तेच पंप-लीक, म्हणजे पंप आणि गळतीचं, मॉडेल मी सहा महिने पायथनमध्ये चालवतेय.

समीकरणं मोजून चार: सोडियम, पोटॅशियम, क्लोराइड आणि आकारमान. पंप म्हणजे पेशीच्या आवरणातलं एक प्रथिन; तो दर फेरीला ३ सोडियम बाहेर टाकतो, २ पोटॅशियम आत घेतो. गळती उलट्या दिशेने चालूच. पंप शून्य केला की सोडियम-क्लोराइड आत शिरतात, मागोमाग पाणी, आणि आकारमानाची रेघ चढतच राहते. उलट चालता पंप दुप्पट केला तर आकारमान जेमतेम हललं! वाचून हे मला कधीच उमगलं नव्हतं.

आता डोकेदुखी. पेशीच्या आवरणाच्या आत-बाहेरचं व्होल्टेज मी आतल्या धन-ऋण भारांच्या फरकावरून काढते. पहिला महिनाभर ती रेघ करवतीच्या दात्यांसारखी यायची, तीही चक्क काही व्होल्टची. समीकरणांत चूक शोधून शोधून थकले. चूक माझ्या आळसात होती: सायपाय या पायथनच्या गणिती संचातल्या सॉल्व्हरची (समीकरणं सोडवणाऱ्या प्रोग्रामची) सापेक्ष अचूकता मुळात हजारात एक असते, ती मी तशीच ठेवली होती. १० मायक्रोमीटर त्रिज्येच्या पेशीत ७० मिलिव्होल्टसाठी भारांचा फरक लागतो साधारण २ मायक्रोमोलर. पोटॅशियम १४० मिलिमोलर, त्याचा हजारावा भाग १४० मायक्रोमोलर. म्हणजे चालवून घेतलेली चूकच उत्तराच्या सत्तरपट! सॉल्व्हरची आरके४५ ही पद्धत सोडून बीडीएफ ही दुसरी घेतली, अचूकता दहा कोटीत एक केली, आणि रेघ शहाण्यासारखी वागू लागली. आकारमान लिटरमध्ये लिहू नका, हेही सांगून ठेवते. पिकोलिटर घ्या, नाहीतर दहाचा उणे बारावा घात सॉल्व्हरच्या खिजगणतीतही नसतो.

खरी उणीव वेगळीच आहे. बाहेरचं पाणी पातळ केलं की खऱ्या पेशी फुगतात, आणि बऱ्याच जातींच्या पेशी काही मिनिटांत पोटॅशियम-क्लोराइड सोडून पुन्हा आक्रसतात. हे मॉडेल मात्र फुगतं आणि तसंच बसून राहतं. फुगल्यावर उघडणारे चॅनेल (आवरणातल्या आयनांच्या वाटा) आपणच जोडायचे. क्लोराइडच्या अशा चॅनेलचा एलआरआरसी८ए नावाचं प्रथिन हा आवश्यक घटक २०१४ साली सापडला, पण तो किती फुगल्यावर किती उघडतो ते समीकरणात बसवताना मी अजून अंदाजाचेच आकडे घालतेय.