संगणकाविना संगणकशास्त्र: शिक्षकांसाठी एक उपयुक्त पुस्तक

टिम बेल, इयन विटन आणि माइक फेलोज यांचे ‘कॉम्प्युटर सायन्स अनप्लग्ड’ हे पुस्तक इंटरनेटवरून मोफत उतरवून घेता येते, आणि ज्या शाळेत संगणक कक्षाला कुलूप असते किंवा वीज बेभरवशाची असते, तेथील शिक्षकाला ते विशेष उपयोगी पडावे.

यातील सर्वांत सरस कृती चूक शोधण्याची आहे. मुले एकाच बाजूने रंगीत असलेले पत्ते 5 ओळी आणि 5 स्तंभांत मनाला येईल तसे मांडतात. शिक्षक ‘थोडे अवघड करू’ म्हणत आणखी एक ओळ व एक स्तंभ असा जोडतो, की प्रत्येक ओळीत व स्तंभात रंगीत पत्त्यांची संख्या सम राहावी. मग शिक्षकाची पाठ असताना कोणी एक पत्ता उलटला, तरी विषम झालेली ओळ आणि स्तंभ जेथे छेदतात, तेथे तो अचूक सापडतो. जादू वाटणारी ही युक्ती म्हणजेच पॅरिटी (सम-विषम संख्येवरून चूक ओळखण्याची पद्धत), हे मुलांना नंतर सांगावे. आधी सांगितल्यास सारी गंमत जाते.

द्विमान (फक्त 0 आणि 1 वापरून लिहिलेल्या) संख्यांचा पाठही चांगला आहे. मात्र प्रत्यक्ष प्रोग्रॅमिंग येथे शिकायला मिळत नाही. त्यासाठी दुसरे पुस्तक हाताशी ठेवावेच लागेल.