एआर चष्मा, टॅब की साधा मॉनिटर? अजनी-पुणे करणाऱ्याचा हिशोब

रविवारी मावसभावाचा फोन आला, दादा ते १३० इंची स्क्रीनवाले चष्मे पाहिले का, घेऊन टाकू का, पैसे जमलेत. बजेट पन्नास हजाराच्या आसपास, नोकरी नागपूरच्या मिहानला, महिन्यातून एक चक्कर पुण्याची, आणि रात्री दोन तास गेम खेळल्याशिवाय त्याला झोप येत नाही. तासभर बोललो त्याच्याशी. हाच प्रश्न ऑफिसात अजून तिघं विचारून राहिले म्हणून म्हटलं एकदाचं लिहूनच टाकावं.

आधी एक घोळ मिटवू. रे-बॅन मेटा नावाचे जे चष्मे मे २०२५ मधे भारतात आले, २९,९०० पासून, त्यात स्क्रीनच नाही. कॅमेरा आहे, स्पीकर आहे, बोलायला एआय आहे, पण पिक्चर त्यात दिसत नाही बाप्पा. माझ्या ओळखीचा एकजण तो घेऊन "व्हिडिओ कुठून लावायचा" शोधत बसला होता. आपण ज्याबद्दल बोलून राहिलो ते एआर चष्मे वेगळे, एक्सरियल, विचर, रोकिड वगैरे कंपन्यांचे. हे म्हणजे डोळ्यावर लावायचा मॉनिटर. आत बॅटरी नाही, काडीला वायर लागते, ती फोन नाही तर लॅपटॉपच्या टाइप-सी मधे घालायची की समोर स्क्रीन तरंगते. भिवईच्या मागं नखाएवढा ओएलईडी डिस्प्ले असतो, त्याचं चित्र आतल्या अर्ध्या पारदर्शक आरशावर पडून डोळ्यात येतं, आणि त्याच आरशातून पलीकडचं खरं जगही थोडं काळसर दिसत राहतं.

आता ते इंच. यात लोक फसतात म्हणून जरा थांबतो इथं. जाहिरातीत १३० इंच लिहितात, पण किती लांबून ते बारीक अक्षरात. महत्त्वाचा असतो कोन, म्हणजे कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत स्क्रीन तुमच्या नजरेत किती अंश जागा घेते. ४६ अंशाचा चष्मा असेल तर चार मीटरवर ती स्क्रीन १३० इंचाच्या थोडी वर भरते, बरोबर आहे, खोटं नाही. पण तोच ४६ अंशाचा कोन ४३ इंची टीव्ही साधारण सव्वा मीटरवरून पाहिला की मिळतो. ११ इंची टॅब एक फुटावर धरला की मिळतो. १४ इंची लॅपटॉप ४२ सेंटिमीटरवर ठेवला की मिळतो, म्हणजे आत्ता जसा मांडीवर घेऊन बसलाय तसाच! मी स्वतः टेप घेऊन मोजलं तेव्हा हसू आलं. आणि एक गंमत, एक्सरियल वन म्हणतो १४७ इंच, रोकिड मॅक्स म्हणतो २१५ इंच, आणि दोघांचाही कोन ५० अंशच. एकानं चार मीटर धरलं, दुसऱ्यानं सहा. संपला विषय.

तरी चष्म्यातली स्क्रीन मोठी वाटते हेही खरं, कारण डोळा लांबवर फोकस करतो, आजूबाजूला अंधार असतो, आणि हातात काही धरायचं नसतं. मित्राचा एक जुना चष्मा तीन आठवडे माझ्याकडं होता, कोणत्या कंपनीचा ते सोडा. पहिल्या रात्री खाटेवर आडवा पडून छताकडं बघत मॅच पाहिली तेव्हा मीही घेऊनच टाकणार होतो. दुसऱ्या दिवशी सकाळी तोच चष्मा लावून खिडकीजवळ बसलो, आईनं पोह्याची स्टीलची प्लेट आणून मांडीवर ठेवली, आणि ती प्लेट खालून चकाकत थेट पिक्चरच्या मधोमध! या आरशाची जातच तशी, खालचा उजेड वर उचलून आणते. पांढरा शर्ट घातला तर शर्ट दिसतो, फोनची स्क्रीन चालू राहिली तर फोन दिसतो. तेव्हापासून काळा टीशर्ट आणि मांडीवर आईची जुनी गडद चादर असा माझा थाट. आई म्हणे, काहून रे, बिनपाण्याचा मोतीबिंदू झाला का तुले?

तर तुलना. मी ती वस्तूप्रमाणं नाही, बसायच्या जागेप्रमाणं करतो.

गाडीत. नागपुरातल्या अजनी स्टेशनहून पुण्याला जाणारी वंदे भारत ऑगस्ट २०२५ पासून धावते, ८८१ किलोमीटर, बारा तास, सगळी चेअर कार. बारा तास खुर्चीत म्हणजे बारा तास. टॅब धरून मनगट दुखतं, समोरच्या ट्रेवर ठेवला तर मान खाली, आणि जेवण आलं की उचलून ठेवा. लॅपटॉपचंही तेच, वरून शेजारचे काका तुमच्या एक्सेलमधे डोकावून सल्ला देतात. इथं चष्मा सरळ जिंकतो, मान सरळ, हात मोकळे, लॅपटॉप मांडीवर अर्धा मिटलेला, सेटिंगमधे झाकण मिटल्यावर झोपायचं नाही असं करून ठेवायचं. फक्त स्क्रीन हवेत एका जागी खिळवायची जी सोय असते, जिला थ्री डीओएफ म्हणतात, ती गाडीत बंद ठेवा. तुमचं डोकं वळलं की गाडी वळली हे चष्म्यातल्या सेन्सरला कळत नाही, त्यामुळं वळणावर स्क्रीन हळूच सरकत शेजारच्याच्या डोक्यावर जाऊन बसते. नजरेसोबत चालणारा मोड लावायचा. ट्रॅव्हल्सच्या स्लीपरमधे ज्यांना मुळातच मळमळतं त्यांनी मात्र आधी कोणाचा तरी उधार घेऊन बघा. आणि मेट्रोत खापरीपर्यंत जायला हा काढायचा विचार करू नका, वायर सोडवेपर्यंत स्टेशन येतं.

खाटेवर. रात्री, अंधारात, आडवं पडून, बाजूला बायको नाही तर लेकरू झोपलेलं. याच्याइतकी भारी जागा चष्म्याला दुसरी नाही, ओएलईडीचा काळा अंधारात खरा काळा दिसतो. टॅब नाकावर पडत नाही. आवाज मात्र काडीतल्या छोट्या स्पीकरमधून येतो, आणि आपल्याकडं मार्च ते जून कूलरचा जो घरघराट असतो त्यात डायलॉग ऐकू येत नाही, इअरबड लागतातच. आणि ४५-४६ डिग्रीच्या दिवसांत भिवईवरचा भाग गरम होतो तेव्हा वैताग येतो, कूलरच्या झोतात बसलात तर चालतं. पण घरच्यांसोबत काही पाहायचं असेल तर टॅबच. चष्म्याचं हे सगळ्यात मोठं दुखणं आहे, एकट्याची मजा. माझ्या पोरीला दोन मिनिटं लावून दिला, पुढचा अर्धा तास परत मागता येईना.

टेबलावर, म्हणजे कामाला. इथं मी स्पष्टच सांगतो, एका जागी बसून काम असेल तर चष्मा घेऊ नका. वरचाच हिशोब लावा, ४६ अंशाचा १०८०पी चष्मा म्हणजे २४ इंची फुल एचडी मॉनिटर सव्वादोन-अडीच फुटांवर. तितकाच आकार, तितकेच पिक्सेल. तो मॉनिटर दहा हजाराच्या आतबाहेर येतो, कडेला अक्षर फुटत नाही, नाकावर वजन नाही. चष्म्यात मधली अक्षरं चांगली दिसतात पण कोपऱ्यातलं घड्याळ, टास्कबार, एक्सेलची पहिली कॉलम हे सगळं थोडं धूसर, मग माणूस नकळत मान इकडं तिकडं करून डोळ्यासमोर आणायचा प्रयत्न करतो आणि नजरेसोबत चालणाऱ्या मोडमधे तर स्क्रीनही सोबतच पळते, म्हणजे मांजर आपल्याच शेपटीमागं. मला सलग दीड तास जमलं, नंतर नाकावर दोन लाल खुणा. कामाला चष्मा कोणासाठी? जो कधी हॉटेलात, कधी सासरी, कधी कँटीनमधे बसून काम करतो आणि स्क्रीन कोणाला दिसू नये असं ज्याला वाटतं त्याच्यासाठी. तिथंही पंधरा इंची पोर्टेबल मॉनिटर हा स्वस्त पर्याय आहे, पण तो मांडायला टेबल तर पाहिजे.

मेटाचा क्वेस्ट ३, म्हणजे डोक्याला बांधायचा व्हीआर हेडसेट, विचारणाऱ्यांसाठी एवढंच, तो ५१५ ग्रॅमचा, चष्मे ७५ ते ९० ग्रॅमचे. गेम आणि व्यायामाला तो कितीतरी पुढं, पण वंदे भारतमधे तोंडावर डबा बांधून बसायची तुमची तयारी असेल तर घ्या. ॲपलचा व्हिजन प्रो ३,४९९ डॉलरला निघाला होता, तो आपला विषयच नाही.

आता चष्मा घ्यायचाच ठरलं तर कोणता. रोकिड मॅक्स, लाँचला ४३९ डॉलर, ५० अंश, ७५ ग्रॅम, आणि वर दोन चकत्या आहेत ज्या फिरवून उणे ६ पर्यंतचा नंबर तिथंच लागतो. विचर प्रो, लाँचला ४५९ डॉलर, ४६ अंश, चकती उणे ५ पर्यंत, आणि बटण दाबलं की काच काळी होते, खिडकीच्या सीटवर दुपारच्या उन्हात ही गोष्ट फार कामाची, रोकिड मॅक्सला वरून प्लास्टिकचं झाकण लावावं लागतं. एक्सरियल वन, लाँचला ४९९ डॉलर, ५० अंश, काच काळी होते आणि मुख्य म्हणजे स्क्रीन खिळवायची चिप चष्म्यातच, त्यामुळं कोणतंही ॲप न टाकता आयफोन, लॅपटॉप, स्टीम डेक (हातात धरून गेम खेळायचं यंत्र) काहीही लावा, खिळते. विचर प्रो आणि एक्सरियलच्याच जुन्या एअर २ ला त्यासाठी ॲप नाही तर वेगळं डबडं लागतं, आणि ऑफिसच्या लॅपटॉपवर आयटीवाले ॲप टाकू देत नाहीत हे तुम्हालाही माहीत. एक्सरियलला नंबरची चकती मात्र नाही, आत बसणारी फ्रेम येते, त्यात चष्मेवाल्याकडून काचा कापून घ्यायच्या. एक्सरियलच्याच वन प्रो मधे कोन ५७ अंश, आरशाची रचना बदललेली म्हणून खालची चकाकी बरीच कमी, पण डोळ्यांमधल्या अंतराप्रमाणं दोन साइज येतात, चुकीचा मागवला तर बोंबला. आणि १०८०पी तेवढेच पिक्सेल मोठ्या कोनात पसरतात, ४६ अंशात एका अंशाला ४७ च्या आसपास येतात, ५७ मधे ३८, म्हणजे पिक्चरला मजा जास्त, अक्षराला धार कमी.

नंबरचं अजून एक, हे दुकानदार सांगत नाही. मला उणे दीड आहे, लॅपटॉप मी बिनचष्म्याचा वाचतो, म्हणून वाटलं यातही चालेल. चाललं नाही. चित्र डोळ्याला तीन-चार मीटर लांब असल्यासारखं पडतं, त्यामुळं लांबचा नंबर जवळजवळ पूर्ण लागतो. उलट ज्यांना फक्त जवळचं वाचायचा चष्मा आहे त्यांना स्क्रीन बिनचष्म्याची स्वच्छ दिसते, आणि मग कीबोर्ड दिसत नाही. सिलिंडर नंबर असेल तर त्या फिरवायच्या चकत्या काही कामाच्या नाहीत, काचाच करून घ्या.

आणि फोन. पैसे भरायच्या आधी बघायची गोष्ट हीच खरं तर. टाइप-सी पोर्ट आहे म्हणजे चित्र बाहेर येतंच असं नाही, त्यात डिस्प्लेपोर्टची सोय लागते. आयफोन १५ पासून पुढं बहुतेकांत आहे, सॅमसंगच्या एस सिरीजमधे आहे, पिक्सेल ८ पासून आहे. वीस-पंचवीस हजारातल्या बहुतेक फोनमधे नाही, वायर लावली तर काहीच होत नाही, मी माझ्या फोनला लावून पंधरा मिनिटं वायरच खराब समजत होतो. बघायला सोपा उपाय, ज्या वायरनं लॅपटॉपला टाइप-सी मॉनिटर लागतो तीच फोनला लावून बघा, चित्र आलं तर चष्माही चालेल. एकच पोर्ट असल्यानं चष्मा लावला की चार्जिंग बंद, बॅटरी फोनचीच खातो, त्यासाठी दोन तोंडाचा ॲडाप्टर वेगळा घ्या. गाडीत सीटजवळ सॉकेट असतंच. गेमवाला जुना निन्टेंडो स्विच असेल तर डॉक लागेल, स्टीम डेकला सरळ लागतो.

किमतीत कस्टम आणि जीएसटी धरा, डॉलरला रुपयानं गुणून खुश होऊ नका. बाहेरून मागवला तर वॉरंटीला तो परत बाहेरच जाणार. मी बर्डीच्या बाजारात चार दुकानं फिरलो, घालून पाहायला एकाकडंही नव्हता, एकानं तर थ्रीडी पिक्चरचा लाल-निळा गॉगल काढून दिला.

मावसभावाचं काय ठरलं म्हणाल तर, फोन त्याचा अठरा हजारातला, त्यात चित्र बाहेर येतच नाही हे तिथंच कळलं. पण स्टीम डेक आहे त्याच्याकडं, पुण्याची चक्करही आहे, आणि खोलीत तो एकटाच झोपतो. म्हटलं ऑफिसच्या कामाचं नाव काढून टाक, गेम आणि गाडीसाठी घेत असशील तर एक्सरियल वन घे, वन प्रोच्या मागं नको लागू, वरचे पैसे ॲडाप्टर आणि काचांना लागतील. मी स्वतः टेबलासाठी मॉनिटर घेतला, ९,४०० ला. पुढच्या महिन्यात अजनीहून दोघं सोबतच जाऊन राहिलो, भुसावळपर्यंत चष्मा त्याच्याकडं आणि पुढं माझ्याकडं असं ठरलंय. तो अजून हौ म्हणाला नाही.